भट्टी लाखाची, पण आत सेन्सर कुठला ते बिलावरही नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली तुमच्या पुरवणीत मातीकामावर, घरगुती पॉटरी स्टुडिओंवर बरेचदा लेख येतायत, वाचून खरंच छान वाटतं. पुणे, ठाणे, नाशिक, आमचं कोल्हापूर, सगळीकडे लोक चाक घेतायत, क्लास लावतायत आणि वर्ष-दोन वर्षांत स्वतःची इलेक्ट्रिक भट्टी घ्यायचं ठरवतायत. पण या लेखांत भट्टीबद्दल काय असतं तर किती लिटरची, किती किलोवॅटची, सिंगल फेज का थ्री फेज, आणि किती तापमानाला जाते. ती खरंच त्या तापमानाला गेली हे सांगणारा जो सेन्सर आत बसवलेला असतो त्याच्याबद्दल एक ओळ पण नसते, विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. त्याच्यासाठी हे पत्र. जरा लांब झालंय पण शक्यतो पूर्ण छापा, कारण अर्धवट माहितीवर चुकीचा माल घेतला जातो.

माझं सगळं काम एमआयडीसीतल्या हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांवर गेलं, इन्स्ट्रुमेंटेशन साइडला. आता ओळखीतले मातीकाम करणारे बोलावतात, भट्टी "वेडंवाकडं करतेय" म्हणून. मध्यंतरी एका प्रशिक्षण केंद्रात गेलो होतो (नाव नको). तिथं भट्टीवर ठळक अक्षरात १३०० अंश लिहिलेलं. मुलांनी कोन ६ चं ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप; कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका, त्याचा नंबर म्हणजे भाजणीची पातळी) लावून डिस्प्लेवर १२२० ला फायरिंग थांबवलेलं, आणि तरी सगळं ग्लेझ ओघळून शेल्फला चिकटलेलं, दोन शेल्फ फोडूनच भांडी काढावी लागली, तळाकडच्या भांड्यांना फुगे आलेले. मुलं ग्लेझच्या रेसिपीला दोष देत होती, सर मातीला दोष देत होते. सेन्सर बाहेर काढला तर बारीक तारेचा के टाइप थर्मोकपल, तारा काळ्या पडून खपल्या निघतायत, हातात घेतल्यावर टोकाशी मोडला. भट्टी डिस्प्लेपेक्षा किती वर गेली असेल ते त्या शेल्फवर दिसतच होतं.

आता थोडं मूळापासून. इलेक्ट्रिक भट्टीत जो सेन्सर लागतो तो थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडलेल्या, ते टोक गरम झालं की दुसऱ्या टोकाला अगदी बारीक व्होल्टेज मिळतं, कंट्रोलर (भट्टीची वीज कमी-जास्त करणारं उपकरण) त्याच्यावरून तापमान काढतो. झेबेक या शास्त्रज्ञानं १८२१ साली हे दाखवलं, तत्त्व आजही तेच. काही जण इंटरनेटवर वाचून पीटी १०० (प्लॅटिनमच्या विद्युतरोधावरून तापमान मोजणारा सेन्सर) मागतात कारण तो जास्त अचूक असतो म्हणून, अचूक असतो हे खरं पण तो ओव्हन, बॉयलर, डेअरी असल्या कामांसाठी, त्याचं टेबलच ८५० अंशाला संपतं आणि बाजारात मिळणारे बहुतेक त्याच्या बरेच अलीकडे दम तोडतात, मातीच्या भट्टीत त्याचं काही काम नाही. म्हणजे प्रश्न उरतो थर्मोकपल कुठल्या टाइपचा, आणि तिथंच सगळी गोम आहे.

आपल्याकडे स्वस्त भट्टीत नव्वद टक्के वेळा, निदान मी बघितलेल्यात तरी, के टाइप असतो. निकेल-क्रोमियमची एक तार, निकेल-ॲल्युमिनियमची दुसरी. स्वस्त, कुठंही मिळतो, सिग्नल दणकट, १००० अंशाला ४१ मिलिव्होल्टच्या वर. कॅटलॉगमध्ये त्याची मर्यादा १२६० अंश लिहिलेली असते आणि विकणारा तेच बोट ठेवून दाखवतो. पण ते १२६० कुठल्या जाडीच्या तारेला ते कोणी सांगत नाही. तो आकडा आहे साधारण सव्वातीन मिलिमीटर जाड तारेचा, आणि तो पण वरचा टोकाचा. जपानी स्टँडर्डमध्ये हे स्वच्छ दिलंय, ३.२ मिमी तारेला सतत वापरासाठी १००० आणि थोड्या वेळासाठी १२००, आणि तार १ मिमीची असेल तर ७५० आणि ९५०. आता तुम्हीच सांगा, १ मिमीची तार घालून १२२० ला स्टोनवेअर (उंच तापमानाला भाजायची घट्ट भांडी) भाजायचं म्हणजे काय होणार? पहिले काही फायरिंग बरोबर येतात, घेणारा खूश, मग तारेतलं क्रोमियम, ॲल्युमिनियम हवेतल्या ऑक्सिजनबरोबर जळत जातं, तारेची मूळ रचनाच बदलते, आणि रीडिंग सरकायला लागतं. भट्टीत बहुतेक वेळा ते कमी दाखवायच्या बाजूला सरकतं, म्हणजे आत १२४० झालं तरी डिस्प्ले १२१५ म्हणतोय आणि कंट्रोलर अजून तापवतोय. कधी कधी उलट्या बाजूला पण जातं, म्हणून "दहा अंश वजा करून वापरा" हा जो सल्ला दिला जातो त्याला अर्थ नाही, आज दहा आहे तर दोन महिन्यांनी तीस असेल. आणि हे हळू होतं, एका दिवसात होत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही, लोक ग्लेझ बदलतात, माती बदलतात, भट्टीतली जागा बदलतात, सेन्सर सोडून सगळं बदलतात.

के टाइप वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, कृपया तसा अर्थ काढू नका. बिस्किट फायरिंग (ग्लेझ लावायच्या आधीची भाजणी) ९५० ते १००० ला करत असाल, टेराकोटा करत असाल, तांब्यावर इनॅमल करत असाल ८०० च्या आसपास, काच फ्यूज करत असाल, तर जाड तारेचा चांगला के टाइप अगदी योग्य आहे, उगाच प्लॅटिनमचा खर्च करू नका. जाड म्हणजे ३ मिमीच्या आसपास, सिरॅमिकच्या मण्यांमध्ये ओवलेला, आणि दरवर्षी किंवा वापर जास्त असेल तर त्याच्या आधीच बदलायचा, तो काही कायमचा पार्ट नाही, गाडीच्या ऑइलसारखा खर्चात धरायचा. अजून एक आहे एन टाइप, निक्रोसिल-निसिल, के च्याच रेंजमधला पण जास्त टिकाऊ, रीडिंग कमी सरकतं, ऑस्ट्रेलियात विकसित झालेला. मला स्वतःला तो आवडतो. पण कंट्रोलरच्या मेनूमध्ये एन आहे का ते आधी बघायचं, आणि केबल पण एन चीच लागते, ती छोट्या गावात पटकन मिळत नाही.

आता ज्यांना १२०० च्या वर जायचंय, कोन ६, कोन ८, कोन १०, त्यांनी एस किंवा आर टाइपच घ्यावा, हे माझं ठाम मत आहे. एस म्हणजे एक तार शुद्ध प्लॅटिनमची आणि दुसरी प्लॅटिनममध्ये दहा टक्के ऱ्होडियम, आर मध्ये तेच तेरा टक्के. मातीच्या भट्टीसाठी दोन्ही सारखेच, कंट्रोलरला जो चालतो तो घ्या. किंमत के च्या दहापट किंवा त्याहून जास्त पडते हे खरंय आणि तिथंच लोक मागं फिरतात. पण हिशोब करून बघा. आयईसीच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डप्रमाणे क्लास २ (अचूकतेचा दर्जा) चा नवा कोरा के टाइप १२०० ला नऊ अंश इकडेतिकडे असला तरी तो पास समजला जातो, कारण सूट पाऊण टक्का आहे. क्लास २ च्या एस ला पाव टक्का, म्हणजे तीन अंश. आणि कोन ६ आणि कोन ७ मधलं अंतरच पंधरा-वीस अंशांचं आहे. म्हणजे के टाइपची नवीन असतानाची कायदेशीर चूकच अर्ध्या कोनाएवढी, मग जुना झाल्यावर काय. एक बिघडलेलं फायरिंग म्हणजे वीज गेली, शेल्फ गेले, महिनाभराची भांडी गेली, ऑर्डर गेली. एस टाइप नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं चालतो, आणि मोडला तरी टाकायचा नाही बरं का, तुटलेल्या तारा प्लॅटिनमच्या आहेत, रिफायनरीवाले वजनावर घेतात. एका स्टुडिओत तो कचऱ्यात टाकलेला बघून मला फार वाईट वाटलं होतं.

फक्त एस टाइप घेताना त्याची नळी बघा. प्लॅटिनमला सिलिका आणि धातूंच्या वाफा चालत नाहीत, तार दूषित होते, ठिसूळ होते आणि रीडिंग घसरतं. म्हणून त्याला रीक्रिस्टलाइज्ड ॲल्युमिनाची नळी हवी, ९९.७ टक्केवाली, आणि आतले दोन भोकांचे मणी पण त्याच मटेरियलचे. साध्या पांढऱ्या नळीत किंवा स्टीलच्या, इनकोनेलच्या नळीत प्लॅटिनम कधीच घालायचं नाही, आणि असे विकलेले मी बघितलेत. नळी बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात त्यामुळे लेखी घ्या. आणि ती ठिसूळ असते, शेल्फ लावताना एक धक्का बसला की संपलं, भट्टी भरताना तिच्याकडे लक्ष ठेवायचं, तापलेली असताना दार उघडून गार हवा मारायची नाही.

सेन्सर चांगला घेतला आणि मागची वायर चुकीची लावली तर सगळं पाण्यात. हे आपल्या इलेक्ट्रिशियन लोकांना कोणी शिकवत नाही म्हणून मुद्दाम सविस्तर लिहितो. थर्मोकपलपासून कंट्रोलरपर्यंत साधी तांब्याची वायर चालत नाही. भट्टीच्या बाहेर जे टर्मिनलचं डोकं असतं ते तापतं, समजा तिथं ७० अंश आहे आणि कंट्रोलरपाशी ३५, तर के टाइपला साध्या वायरनं जोडल्यावर डिस्प्ले साधारण पस्तीस-चाळीस अंश कमी दाखवणार आणि भट्टी तेवढी जास्त तापणार. म्हणून त्या त्या टाइपची कॉम्पेन्सेटिंग केबल लागते, के ला के ची, एस ला एस ची. त्यात रंगांचा गोंधळ. आयईसीप्रमाणे के ची केबल हिरवी आणि मायनस पांढरी, अमेरिकन पद्धतीत के पिवळी आणि मायनस लाल. आणि अमेरिकन पद्धतीत एस ची केबल हिरवी! म्हणजे दुकानात हिरवी केबल मिळाली तर ती के ची का एस ची हे रंगावरून सांगता येत नाही, वर छापलेलं वाचायचं. आणि लाल म्हणजे प्लस अशी आपल्याकडे सवय, त्यामुळे अमेरिकन केबल हमखास उलटी जोडली जाते. एका टोकाला उलटी असेल तर भट्टी तापेल तसा डिस्प्ले खाली जातो, ते लगेच कळतं. दोन्ही टोकांना उलटी असेल तर डिस्प्ले वर जातो, सगळं ठीक वाटतं, आणि रीडिंग मात्र चुकीचंच, हे पकडायला फार अवघड. के टाइपमध्ये मायनसची तार ओळखायची सोपी युक्ती आहे, तिला लोहचुंबक चिकटतो, प्लसला नाही. शिवाय ही केबल एलिमेंटच्या (भट्टी तापवणाऱ्या कॉइलच्या) पॉवर वायरबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका, रीडिंग नाचतं.

मग कंट्रोलरमधली सेटिंग. हे तर जिवावर बेतणारं आहे. एस टाइप बसवला आणि कंट्रोलरमध्ये सेन्सर के च राहिला तर काय होतं बघा. एस चा सिग्नल १००० अंशाला साडेनऊ मिलिव्होल्टच्या आसपास, के च्या मानानं चौथाई सुद्धा नाही, त्यामुळे आत खरं १००० अंश असताना डिस्प्ले २६० च्या आसपास दाखवेल. कंट्रोलरला वाटणार अजून सुरुवातच आहे, तो फुल पॉवर देत राहणार. एलिमेंट जळेपर्यंत किंवा विटा वितळायला लागेपर्यंत थांबवणारं कोणी नाही. म्हणून सेन्सर बदलला की पहिलं काम मेनूत जाऊन टाइप बदलणं, आणि पहिल्या फायरिंगला समोर उभं राहणं. सेन्सर तुटला तर कंट्रोलरनं पॉवर बंद केली पाहिजे, ती सेटिंग पण तपासा, नुसती वायर काढून बघितलं तरी कळतं. आणि परवडत असेल तर दुसरा स्वतंत्र सेन्सर आणि दुसरा साधा कट-ऑफ कंट्रोलर लावा, जो वेगळा कॉन्टॅक्टर (भट्टीची वीज तोडणारा मोठा स्विच) पाडेल. कारखान्यातल्या भट्ट्यांवर हे असतंच. घरातल्या भट्टीवर, जिथं पलीकडच्या खोलीत पोरं झोपलेली असतात, तिथं ते का नसावं मला कळत नाही.

बसवायची जागा पण महत्त्वाची. नळी भिंतीच्या आत पुरेशी शिरलेली हवी, नुसतं टोक डोकावलं तर ती भिंतीचंच तापमान सांगते, साधारण नियम असा की नळीच्या जाडीच्या दहापट तरी आत. एलिमेंटच्या अगदी जवळ नको, कॉइलला तर अजिबात टेकता कामा नये, कारण टेकली तर मेनचा करंट सेन्सरमधून कंट्रोलरवर येऊ शकतो. शेल्फला किंवा भांड्याला टेकलेली पण नको.

आणि एवढं सगळं करूनही कोन वापरणं सोडू नका. झेगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं बर्लिनमध्ये पोर्सिलेनच्या कारखान्यात कोन बनवले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आणि त्याच सुमाराला फ्रान्समध्ये ल शातेलिएनं प्लॅटिनम-ऱ्होडियमचा थर्मोकपल व्यवहारात आणला, दोघंही एकाच प्रश्नाच्या मागे होते. पण दोन्ही वेगळं मोजतात. थर्मोकपल त्या क्षणाचं तापमान सांगतो. कोन सांगतो की मातीनं आणि ग्लेझनं किती उष्णता खाल्ली, म्हणजे तापमान आणि वेळ मिळून. ऑर्टन या अमेरिकन कंपनीचा मोठा कोन ६ ताशी ६० अंशानं चढवलं तर १२२२ च्या आसपास वाकतो, ताशी १५० नं चढवलं तर साधारण वीस अंश वर. आता आपल्याकडची लाइट बघा. २३० व्होल्टच्या जागी संध्याकाळी २०० आले तर एलिमेंटची ताकद एक चतुर्थांश कमी होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. मग शेवटचे शंभर अंश चढायला भट्टी दुप्पट वेळ पण घेऊ शकते, डिस्प्लेवर आकडा तोच पण भांड्यांनी उष्णता जास्त खाल्लेली, ग्लेझ ओघळतं. ग्रामीण भागात हे रोजचं आहे. म्हणून प्रत्येक फायरिंगला वरच्या, मधल्या, खालच्या शेल्फवर एकेक कोन ठेवायचा, वहीत डिस्प्लेचा आकडा आणि कोन किती वाकला ते लिहायचं. चार-सहा महिन्यांची वही असली की सेन्सर सरकायला लागल्याचं तिच्यात आधी दिसतं.

आता मुख्य मागणी. किराणा दुकानातल्या तराजूवर ठरावीक मुदतीनं वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, शंभर ग्रॅम साखरेचं माप खोटं निघू नये म्हणून. लाख-दीड लाखाच्या भट्टीचं माप मात्र कोणीच तपासत नाही. मी कायदा करा असं म्हणत नाहीये. पण भट्टी विकणाऱ्यांनी कोटेशनवर आणि बिलावर एवढं तरी लिहावं की थर्मोकपल कुठल्या टाइपचा, कुठल्या क्लासचा, तार किती मिमीची, नळी कशाची, आणि तो सेन्सर सतत किती तापमानाला चालेल. भट्टी १३०० ची आणि सेन्सर हजारचा असं असेल तर ती भट्टी १००० ची म्हणूनच विकावी. बनवणारे सगळे फसवतात असंही नाही, चांगले आहेत, विचारलं तर एस टाइप घालून देतात, पण गिऱ्हाईक विचारत नाही आणि किंमत पाडून मागतं, मग पहिला बळी सेन्सरचा जातो.

दुसरं, कला महाविद्यालयं, आयटीआय, प्रशिक्षण केंद्रं यांच्यासाठी सरकारी पैशातून भट्ट्या घेतल्या जातात. माझ्या हातात ज्या निविदा आल्या त्यांत लिटर, किलोवॅट, कमाल तापमान, रंग सुद्धा लिहिलेला, सेन्सरबद्दल अक्षर नाही. तिथं एक ओळ वाढवायला काहीच खर्च नाही. भट्टी ताब्यात घेताना दुसऱ्या कॅलिब्रेट केलेल्या सेन्सरशी ताडून बघायचं आणि कोन ठेवून एक फायरिंग करून दाखवायचं, मगच बिल पास करायचं, अशी अट घाला. हे करू शकणारी माणसं दूर नाहीत. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगावला एवढ्या फाउंड्री आहेत, वितळलेल्या लोखंडाचं तापमान बघायला ते रोज प्लॅटिनमच्या टिप वापरतात. पुण्यात भोसरीला, नाशकात सातपूरला हीट ट्रीटमेंटवाले आहेत, त्यांच्याकडे कॅलिब्रेशनचं काम करणारे लोक येतात, एनएबीएलची (लॅब तपासून मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅब आहेत. मातीकामवाल्यांनी तिथं जाऊन विचारायला लाजू नये, आणि एमआयडीसीतल्या माझ्या जुन्या दोस्तांनी रविवारी एखाद्या स्टुडिओत जाऊन थर्मोकपल तपासून द्यावा, अर्ध्या तासाचं काम आहे.

तुमच्याकडून एक अपेक्षा आहे. पुढच्या वेळी घरगुती भट्टीवर लेख कराल तेव्हा लिटर आणि किलोवॅटच्या रकान्यांशेजारी "थर्मोकपल: टाइप, तारेची जाडी" असा एक रकाना टाका, आणि ज्या भट्टीबद्दल विक्रेता ते सांगणार नाही तिथं "माहिती दिली नाही" असं छापा.

आपला,
एक नियमित वाचक
कोल्हापूर